घडीचें चाक

प्रवासास निघतांना आपण जें सामान बरोबर घेतों, त्याचे दोन वर्ग पडतात. एक, जें वापरावयाचें म्हणून घेतलेलें. व दुसरें, जें वापरण्याची पाळी न येवो अशी इच्छा मनांत धरून घेतलेलें. शिदोरी, अंथरूण, पाण्याचा तांब्या हीं पहिल्या वर्गांत मोडतात. औषधाची पुडी, जादा दोर व मोटारगाडीचें जादा चाक हीं दुसऱ्या वर्गांत. पहिल्या वर्गाची काळजी घ्यावयास कोणास शिकवावें लागत नाहीं. भूक व झोंप हे दोन शिक्षक तें काम नित्य करीत असतात. दुसऱ्या वर्गास मात्र असा शिक्षक नाहीं. त्याची आठवण संकट करून देतें, आणि संकटाची शिकवणी फार महाग पडते. या जादा चाकाविषयीं, व त्यांतही घडी घालून ठेवतां येणाऱ्या एका विलक्षण चाकाविषयीं, चार शब्द आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस सांगावे, असें आम्हांस पुष्कळ दिवस वाटत होतें.

आपल्या इकडे या जादा चाकास 'स्टेपनी' असें म्हणतात. ट्रकवाला असो, एस. टी. चा चालक असो, कीं चौकांतील पंक्चर काढणारा असो, सर्वांच्या तोंडीं हाच शब्द. तो परदेशांतून आला एवढें खरें. पण आज विलायतेंत जाऊन कोणाजवळ स्टेपनी मागितली, तर बहुधा त्यास कांहीं बोध होणार नाहीं. या शब्दाचें मूळ मोठें मनोरंजक आहे. वेल्समधील लानेली या गांवीं स्टेपनी नांवाचा एक रस्ता आहे. तेथें टॉमस मॉरिस डेव्हिस व वॉल्टर डेव्हिस या दोघां भावांनीं इ. स. १९०४ च्या सुमारास एक युक्ति काढली. त्या काळच्या मोटारींबरोबर जादा चाक येत नसे. रस्त्यांवर घोड्यांच्या नालांचे खिळे विखुरलेले असत. टायर फुटला कीं मोटारवाल्यानें कडेस बसून तो रिमेवरून उपसावा व आंतील ट्यूब जोडावी, हा एकच मार्ग होता. डेव्हिस बंधूंनीं आरे नसलेली एक नुसती लोखंडी कडी घेतली, तीवर हवा भरलेला टायर चढविला, आणि ती कडी फुटलेल्या चाकाच्या अंगास आवळून बसविण्याची सोय केली. मूळ चाक काढण्याचें कारणच उरलें नाहीं. रस्त्याचें नांव त्या चाकास मिळालें, मोटारींबरोबर तें हिंदुस्थानांत आलें, आणि येथें असें रुजलें कीं मूळ वस्तु नाहींशी झाली तरी नांव राहिलें.

पुढें मोटारीचे कारखानदार स्वतःच पांचवें चाक देऊं लागले. तें इतर चारांसारखेंच पूर्ण मापाचें असे. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनीं इ. स. १९४४ मध्यें स्थापिलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यांतून ज्या फियाट गाड्या निघाल्या, त्यांत असेंच पूर्ण चाक असे. जीपच्या पाठीवर तर तें उघडेंच टांगलेलें दिसे. अशा चाकाचा लाभ हा कीं, तें लावल्यावर प्रवास पूर्वीसारखाच चालूं राहतो. शिवाय मालकास पांचही चाकें पाळीपाळीनें फिरवितां येतात, म्हणजे एकच चाक अंधारांत वर्षानुवर्षें पडून राहत नाहीं. तोटा एकच. तें जागा खातें.

ही जागा वांचविण्याच्या विचारांतून घडीचें चाक जन्मास आलें. अमेरिकेंत इ. स. १९६७ च्या पाँटिॲक फायरबर्ड या मोटारीबरोबर गुडरिच कंपनीचें असें चाक मिळूं लागलें. पुढें जर्मनींतील पोर्शे गाड्यांत तें अनेक वर्षें दिसत होतें, आणि या शतकाच्या आरंभीं निघालेल्या टूआरेग, क्यू-सेव्हन यांसारख्या अवजड गाड्यांतही तें देत असत. या गाड्यांपैकीं कांहीं आपल्या देशांत आल्या, श्रीमंतांच्या दारांत कांहीं वर्षें झुलल्या, आणि मग दुसऱ्या-तिसऱ्या हातीं जाऊन लहान गांवांच्या रस्त्यांवर धावूं लागल्या. चाकाची रीत मात्र त्यांबरोबर कोणीं सांगितली नाहीं.

ती रीत अशी. रिम बहुतेक नेहमींच्यासारखीच; पण तीवरील टायर हवा काढलेला, व त्याच्या दोन्ही बाजूंच्या भिंती आंत दुमडलेल्या. त्यामुळें जमिनीस लागणारा भाग रिमेजवळ येऊन बसतो, आणि सबंध चाक परातीसारखें आटोपशीर होतें. टायर फुटल्यावर गाडी जॅकवर उचलावयाची, फुटलें चाक काढावयाचें, हें दुमडलेलें चाक तसेंच बोल्टांनीं बसवावयाचें, आणि गाडी वर असतांनाच त्यांत हवा भरावयाची. हवेनें घड्या उलगडतात व टायर आपला आकार धरतो. मगच गाडी खालीं सोडावयाची. हवा भरण्यासाठीं विजेवर चालणारा एक लहानसा पंप गाडींतच दिलेला असतो; त्याची तार सिगारेट पेटविण्याच्या खोबणींत खोंवतात. हें चाक केवळ मुक्कामीं नेण्यापुरतें. ताशीं ८० किलोमीटरांपेक्षां अधिक वेग नको, असें त्यावरच छापलेलें असतें.

या चाकाशीं आमची गांठ पडली ती इ. स. २०२४ च्या डिसेंबरांत. आमचे एक स्नेही नोकरीनिमित्त नगरास राहतात. (शहराचें नांव आतां अहिल्यानगर झालें आहे, पण बोलतांना जुन्या माणसांच्या तोंडीं अजून नगरच येतें.) त्यांनीं पुण्याहून जर्मन बनावटीची एक मोठी मोटार विकत आणली होती. गाडी अठरा वर्षांची. आणि जेवढ्या पैशांत नवी लहान गाडीही येत नाहीं, तेवढ्यांत मिळालेली. गाडी धुऊन पुसून दारांत उभी केली म्हणजे शेजारीपाजारी कौतुकानें पाहत असत.

एके दिवशीं दुपारीं तिसगांवाहून निरोप आला. स्नेह्यांचें आजोळ तेथें. त्यांचे मामा अत्यवस्थ असून बहिणीची आठवण काढीत होते. स्नेह्यांच्या मातोश्रींचें वय ऐशीच्या पुढें. एकुलता एक भाऊ. त्यांनीं लुगडें बदललें, देवापुढें दिवा लावला, आणि त्या कांहीं न बोलतां गाडींत जाऊन बसल्या. सोबतीस नात होती. ती इयत्ता नववींत शिकते. वाटेंत चार माणसें असावींत म्हणून आम्हांसही घेतलें.

नगरहून तिसगांव सुमारें ४० किलोमीटर. कल्याणहून येऊन नांदेडकडे जाणारा ६१ क्रमांकाचा महामार्ग याच वाटेनें जातो. भिंगार मागें पडलें, डोंगरावरची सलाबतखानाची कबर, जिला लोक चांदबिबीचा महाल म्हणतात, ती दृष्टिआड झाली, मेहेकरी गेलें. करंजीच्या घाटांत शिरलों तेव्हां दिवस कलला होता. ते दिवस ऊसतोडणीचे. पाथर्डी तालुक्यांतील कित्येक कुटुंबें दरसाल दिवाळीच्या सुमारास कोयते घेऊन कारखान्यांच्या वाटेस लागतात, आणि रस्त्यांवर उसानें लादलेल्या ट्रॅक्टरच्या गाड्यांची रांग सुरू होते. त्यांपैकीं कित्येकींच्या मागें दिवा नसतो. घाटांतील वळणें संपत आलीं तेव्हां समोरून आलेल्या अशाच एका गाडीस वाट देण्यासाठीं आमची मोटार कडेस घेतली, आणि मोठा आवाज होऊन ती एका अंगास कलली.

उतरून पाहिलें तों डाव्या बाजूचा मागील टायर दगडाच्या धारेनें चार बोटें चिरला होता. आणि तोही भिंतीवर. टायरच्या तळव्यांत खिळा गेला, तर आजकालच्या ट्यूब नसलेल्या टायरांत रबराची वात खुपसून काम भागतें; पण भिंत चिरली म्हणजे त्यास इलाज नाहीं. स्नेह्यांनीं गाडी आणखी आंत, मातीवर घेतली, दिवे लुकलुकते ठेवले, आणि डिकी उघडली. तळाचें झांकण उचलतांच ते थबकले. आंत चाक म्हणून जें कांहीं होतें, तें सुकलेल्या वांग्यासारखें सुरकुतलेलें व चपटें.

"गुरुजी, फुटकी स्टेपनी गळ्यांत मारली हो माझ्या!" ते कपाळास हात लावून म्हणाले.

एक ट्रॅक्टरवाला थांबला होता. त्यानें वांकून पाहिलें, अंगठ्यानें दाबलें, आणि म्हणाला, "सायेब, ह्याच्यात दमच न्हाई. म्होरं करंजीत हवा मारून आणू का?"

मदतीच्या शुद्ध हेतूनेंच तो चाक उचलूं लागला होता. परंतु तेवढ्यांत नात मोबाइलचा उजेड पाडून रिमेवर चिकटविलेला मजकूर वाचीत होती. ती म्हणाली, "बाबा, थांबा. हें फुटलेलें नाहीं. हें घडीचें आहे. आधीं गाडीला लावा, मग हवा भरा, असें लिहिलें आहे. आणि पंपही येथेंच आहे." शेजारच्या खांचेंत खरोखरच तो लहान पंप होता. चाक करंजीस नेऊन, जमिनीवर आडवें टाकून, दुकानांतील मोठ्या यंत्रानें त्यांत एकदम हवा सोडली असती, तर काय झालें असतें तें सांगवत नाहीं. हवेचा दाब ही पाळींव शक्ति असली, तरी मोकाट सुटली म्हणजे ती बाँबसारखी आहे. त्या मुलीच्या हातून त्या क्षणीं घडलें तें एवढेंच, कीं जें लिहिलेलें होतें तें तिनें वाचलें. पण वाचतां येणाऱ्या आणखी तीन माणसांपैकीं कोणास तें सुचलें नव्हतें.

दुसरीही एक गोष्ट तिनेंच वाचली. प्रत्येक टायरच्या भिंतीवर चार आंकडे ठसविलेले असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. या चाकावर ३१०६ असे आंकडे होते. म्हणजे तो टायर इ. स. २००६ च्या एकतिसाव्या आठवड्यांत तयार झाला होता. गाडीबरोबरचाच तो, आणि अठरा वर्षें घडींतच. रबर ही वस्तु न वापरतांही म्हातारी होते. हवेंतील प्राणवायु व उष्णता यांनीं तें कडक होतें, त्यास बारीक चिरा पडतात, आणि जेथें घडी असते तेथें त्या अगोदर पडतात. बहुतेक टायर कारखानदार दहा वर्षांनंतर टायर बदलण्याचा सल्ला देतात, मग तो एक दिवसही चाललेला नसला तरी. उजेड जवळ धरला तेव्हां घडीच्या रेघेवर केंसासारख्या चिरा आम्हांस स्पष्ट दिसल्या.

आतां प्रश्न उभा राहिला. तिसगांव दहाएक किलोमीटरांवर. तेथें एक माणूस बहिणीची वाट पाहत आहे. बहीण गाडींत बसून आहे. अंधार पडत चालला आहे. आणि हातीं आहे तें अठरा वर्षांचें चाक. चौघांनीं त्यावर बसून जावें कीं नाहीं? स्नेही घाईस आले होते. "दहा किलोमीटरचा तर प्रश्न," असें ते म्हणूं लागले. त्यांचें म्हणणें खोटें नव्हतें. बहुधा चाक टिकलेंही असतें. पण 'बहुधा' या शब्दावर आपण आपला जीव टांगावा, आईचा व मुलीचा टांगूं नये, असें आम्हीं त्यांस सांगितलें. मातोश्री आंतून म्हणाल्या, "अरे, माझ्यापायीं घाई करूं नका. पण मला दादाला भेटायचंय. कसंही न्या, पण न्या."

त्यावर तोड निघाली ती सोपीच होती. महामार्ग वाहता होता. पाथर्डीकडे जाणारी एस. टी. येतांना दिसली. याच नगर जिल्ह्याच्या रस्त्यावर, नगर ते पुणें, इ. स. १९४८ च्या जूनच्या पहिल्या तारखेस एस. टी. ची पहिली गाडी धावली होती. तेव्हांपासून खेड्यांतील माणसाचें तिच्याशीं जें नातें जडलें तें अजून तुटलेलें नाहीं. तेथें थांबा नव्हता. आम्हीं हात वर केला. गाडी थांबली. "मास्तर, आजींना तिसगांवला सोडायचंय, भाऊ शेवटचा आहे," एवढेंच स्नेह्यांनीं कंडक्टरास सांगितलें. "चढा आजी, पुढं बसा," म्हणून त्यानें हात दिला. आजी व नात गेल्या, आणि रस्त्यावर आम्ही दोघे, ट्रॅक्टरवाला व तें चाक एवढे उरलों.

मग काम शांतपणें झालें. गाडी घसरूं नये म्हणून पुढील चाकांस दगड लावले. जॅक मातीत रुतूं नये म्हणून त्याखालीं ट्रॅक्टरवाल्यानें आपल्या गाडींतील फळी दिली. बोल्ट आधीं सैल करून मगच गाडी उचलली. जर्मन गाड्यांत चाक अडकविण्यास खुंट्या नसतात, बोल्ट बाहेरून घालावे लागतात. म्हणून एकानें चाक पायानें तोलून धरावें व दुसऱ्यानें भोंकास भोंक जुळवावें, असें करावें लागलें. पंप सुरू केला. प्रथम कांहींच होईना. मग घड्या एक एक करून उलगडूं लागल्या, आणि त्या चपट्या वस्तूस हळूहळू चाकाचें रूप आलें. आम्ही तोंवर टायरच्या भिंतीसमोर उभे न राहतां दूर उभे होतों. छापलेला दाब साडेतीन बार, म्हणजे सुमारें ५१ पौंड; नेहमींच्या टायरापेक्षां बराच अधिक. तेवढी हवा भरावयास दहा-बारा मिनिटें लागलीं. मग गाडी खालीं सोडली, बोल्ट समोरासमोरचे क्रमानें आवळले, आणि ताशीं तीस किलोमीटरच्या वेगानें निघालों. वाटेंत दोनदां थांबून टायरास हात लावून पाहिला, तापलेला नव्हता.

तिसगांवच्या पंक्चरवाल्यानें असें चाक पूर्वीं पाहिलें नव्हतें. त्यानें तें काढून दिव्याखालीं धरलें, घडीच्या रेघेवरून अंगठा फिरवीत नेला, आणि एके ठिकाणीं थांबला. तेथील चीर मघाच्या केंसाची आतां सुतळीएवढी झाली होती. "गुरुजी, चार माणसं बसवली नाहीत ते ब्येस केलं," एवढेंच तो म्हणाला. नंतर त्यानें हवा सोडली. पण चाक कांहीं लगेच दुमडेना. पुनः घडी पडावयास तासचे तास लागतात. त्यामुळें तें जसेंच्या तसें मागल्या बांकावर ठेवावें लागलें.

आजी आमच्या अगोदर पाऊण तास पोंचल्या होत्या. भावानें त्यांस ओळखलें होतें. हातांत हात घेऊन दोघें बसलीं होतीं. बोलणें फारसें होत नव्हतें. तिसऱ्या दिवशीं पहाटें मामा गेले.

पुढें स्नेह्यांनीं तसाच नवा टायर मिळतो का तें पाहिलें. अशी चाकें आतां थोड्याच गाड्यांत असतात. त्यामुळें नवा टायर दुर्मिळ, आणि मिळाला तर किंमत ऐकून बसावें लागतें. शेवटीं त्यांनीं मूळ मापाचीच एक जुनी रिम व नवा टायर घेतला. तो डिकींत निम्मी जागा अडवून बसला आहे. पण त्या गाडीच्या चारही चाकांस इंजिनाचा जोर जात असल्यामुळें सर्व चाकांचा घेर सारखा असणें हेंही हिताचें. मुलगी आतां दर महिन्यास त्यांतील हवा पाहते.

पालकांस आमची विनंति एवढीच, कीं जुनी मोटार घेतांना रंग व गाद्या पाहून झाल्यावर डिकीचा तळही उचलून पाहावा. तेथें काय आहे. पूर्ण चाक, बारीक चाक, घडीचें चाक, कीं नुसता पंप व चिकाची बाटली? इ. स. २०२० पासून सरकारी नियमानेंही, चाकांतील हवेचा दाब दाखविणारें यंत्र व दुरुस्तीचें साहित्य असल्यास, लहान मोटारींस जादा चाक नसलें तरी चालतें. तेव्हां पांचवें चाक असेलच असें गृहीत धरून चालावयाचे दिवस गेले. चाक असेल तर त्यावरील चार आंकडे वाचावे. जॅक व पाना जागेवर आहेत ना, तें पाहावें. आणि एखाद्या रविवारीं, दिवसाउजेडीं, अंगणांत एकदां तें चाक लावून पाहावें. मुलांस शेजारीं बसवून. जें घरीं एकदां केलें आहे, तें घाटांत अंधारांत हातास आपोआप येतें.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्याजवळही घडी घालून ठेवलेलें पुष्कळ कांहीं आहे. शाळेंत पाठ केलेलें प्रथमोपचाराचें प्रकरण, पोहण्याची विद्या, इंग्रजी वाचतां येण्याचें ज्ञान, हीं सर्व बहुधा पडूनच असतात. तीं कमी जागा व्यापतात, हा त्यांचा गुण. पण पडून राहिलेल्या ज्ञानासही चिरा पडतात. अधूनमधून तें उलगडावें, त्यांत हवा भरून पाहावी, कोठें सैल झालें असेल तें आवळावें. आणि त्याहून महत्त्वाचें हें कीं, आपल्याजवळील वस्तु किती भार सोसेल हें ओळखून तेवढाच तीवर टाकावा. आणि उरलेल्या भारासाठीं रस्त्यानें जाणाऱ्या दुसऱ्या माणसापुढें हात वर करण्यास लाजूं नये.